पार, बाक आणि बसणारा

मनुष्याने काय खावे, कसे बोलावे, केव्हा निजावे व केव्हा उठावे, ह्यांविषयी आपल्याकडे विपुल लिहिले गेले आहे. घराबाहेर पडल्यावर त्याने बसावे कोठे, हा प्रश्न मात्र कोणी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. तरुणपणी तो सुचतही नाही. साठी उलटली, गुडघे कुरकुरू लागले आणि औषधाच्या दुकानापर्यंतची दोन फर्लांगांची वाट मध्ये दोनदा थांबल्यावाचून सरेनाशी झाली, म्हणजे तो आपोआप सुचतो. आणि एकदा सुचला की गावातील प्रत्येक पायरी, प्रत्येक कठडा आणि प्रत्येक दगड मनुष्य निराळ्या नजरेने न्याहाळू लागतो. प्रस्तुत लेखकाची अवस्था गेली काही वर्षे अशीच झाली आहे. प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि वाचकांनी थोडा धीर धरल्यास तो तितकासा क्षुल्लक नाही, असे त्यांच्याही प्रत्ययास येईल अशी आशा आहे.

आमचे वडूज हे खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. तालुक्याचे नाव खटाव, परंतु कचेरी वडूजला. त्यामुळे खेड्यापाड्यांतून दररोज शेकडो माणसे कामानिमित्त येथे येतात. कोणी सात-बाऱ्याच्या उताऱ्यासाठी, कोणी कोर्टाच्या तारखेसाठी, कोणी दवाखान्यासाठी, तर कोणी केवळ बाजारासाठी. ह्या सर्वांच्या दिवसाचा मोठा भाग वाट पाहण्यात जातो, आणि वाट पाहणाऱ्यास पहिली गरज बसण्याची असते. त्यातून हा प्रदेश पडला पर्जन्यछायेचा. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस माण-खटावापर्यंत पोहोचेतो रिता झालेला असतो. येरळेचे पात्र वर्षातील बराच काळ वाळूचेच असते. चैत्र-वैशाखात दुपारी बाराच्या सुमारास ज्याने वडूजच्या रस्त्यावरून पायी चालून पाहिले असेल, त्याला सावलीचे मोल निराळे सांगावयास नको.

जुना पार

माझ्या घराजवळच्या चौकात एक जुना वड होता आणि त्याभोवती दगडी पार होता. पार म्हणजे काय हे ह्या मासिकाच्या वाचकांस सांगण्याचे कारण नाही. परंतु शहरांत वाढलेल्या नातवंडांसाठी दोन शब्द लिहितो. झाडाच्या बुंध्याभोवती गोल किंवा अष्टकोनी बांध घालावयाचा, आत मुरूम व माती भरावयाची, कडेला घडीव दगड बसवावयाचे, आणि मांडी घालून अथवा पाय सोडून बसता येईल एवढी उंची ठेवावयाची. अमरकोशात घराबाहेरच्या बैठकीस वेदिका व वितर्दि असे शब्द आले आहेत, आणि दाराबाहेरच्या ओसरीस अलिंद म्हटले आहे. उघड्यावर बसण्याची सोय करणे ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे, हे ह्या शब्दांवरूनच दिसते.

ह्या पारावर मी लहानपणी पाढे पाठ केले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावरून परतणारी माणसे संध्याकाळी येथेच टेकत. पुढे मी शिक्षक झालो, तेव्हा पालकांची निम्मी गाऱ्हाणी शाळेत न येता ह्या पारावरच येत आणि तेथेच मिटतही. निवृत्त झाल्यावर आम्ही चार-पाच समवयस्क रोज सायंकाळी तेथे जमू लागलो. काही वर्षांपूर्वी रस्ता रुंद करावयाचे ठरले, आणि एके दिवशी सकाळी वड पडला. पार उखडून त्याचे दगड गाडीत भरून नेले. मी हे सारे उभा राहून पाहिले. कोणाशी भांडलो नाही, कारण रस्ता अरुंद होता हे खरे होते आणि तेथे अपघातही झाले होते. मात्र त्या सायंकाळी आम्ही पाच जण चौकात आलो, आणि उभे कोठे राहावे हेही आम्हांस कळेना.

नवे बाक

वर्षभराने काही सज्जनांच्या देणगीतून रस्त्याच्या कडेला सहा बाक आले. सिमेंटचे दोन पाय, त्यांवर बोल्टने आवळलेल्या सिमेंटच्या पट्ट्या, आणि पाठीवर ठळक अक्षरांत दिवंगत आईवडिलांची नावे, असे हे बाक आज महाराष्ट्रातील प्रत्येक गावात दिसतात. सहाही बाक एका ओळीत, रस्त्याकडे तोंड करून आणि भर उन्हात मांडलेले होते. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत त्यांवर कोणी बसू शकत नसे. सहानंतर बसावे, तर शेजारच्याशी बोलण्यास मान वळवावी लागे, आणि तिसऱ्याशी बोलावयाचे तर चौघांच्या अंगावरून ओरडावे लागे. आम्ही पाच जण दोन बाकांवर वाटले गेलो आणि आठवड्याभरात तीन झालो. मी मनाशी निश्चय केला की, पार तो पार. ह्या आधुनिक वस्तूंत काही अर्थ नाही.

माझा हा ग्रह दूर करण्याचे श्रेय माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यास आहे. तो पुण्यात वास्तुरचनेच्या व्यवसायात असून उद्याने व मोकळ्या जागा आखण्याचे काम करतो. दिवाळीत भेटावयास आला तेव्हा मी त्याच्यापुढे बाकांचे गाऱ्हाणे मांडले. तो हसून म्हणाला, "सर, बाकांचा दोष नाही, मांडणीचा आहे. आणि मांडणी बदलता येते, कारण हे बाक सुटे आहेत. पार असा बदलता आला असता का?" मग त्याने कागद घेऊन मला 'मॉड्यूलर' बैठक म्हणजे काय ते समजावून दिले. मॉड्यूलर स्वयंपाकघर आता घरोघर ऐकू येते; तीच कल्पना अंगणात व चौकात आणावयाची. ठरावीक मापाचे थोडे प्रकारचे घटक एकदा तयार करावयाचे: एक सरळ, एक कोपऱ्याचा, एक पाठीचा, एक हात टेकण्याचा, एक झाडाच्या कुंडीचा. ते जागेप्रमाणे निरनिराळ्या रीतींनी जोडावयाचे, आणि गरज पालटली की पुन्हा सोडवून निराळे जोडावयाचे.

कल्पना आपल्यास परकी नाही

विद्यार्थी गेल्यावर माझ्या मनात आले की, हे तर आपण कोठेतरी वाचले आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत श्येनचितीचे वर्णन आहे. पंख पसरलेल्या श्येन पक्ष्याच्या आकाराची ही यज्ञवेदी पाच थरांत रचावयाची. प्रत्येक थरात दोनशे, म्हणजे एकूण एक हजार विटा. एवढी मोठी वक्र आकृती, परंतु विटांचे प्रकार मोजकेच. आणि एका थराचा सांधा वरच्या थराच्या सांध्यावर येता कामा नये, असा नियम. थोड्या आकारांपासून मोठी आकृती सिद्ध करण्याचे हे गणित आपल्या पूर्वजांनी वेदीसाठी केले होते. त्याहूनही मागे जावयाचे तर सिंधु संस्कृतीच्या नगरांतील विटांची जाडी, रुंदी व लांबी एकास दोन, दोनास चार अशा एकाच प्रमाणात असल्याचे उत्खननात आढळले आहे.

बैठकीचेच उदाहरण हवे असल्यास आपली यादवकालीन मंदिरे पाहावी. त्यांतील कित्येकांच्या मंडपास पूर्ण उंचीची भिंत नाही. अर्धी भिंत असून तिच्या आतल्या अंगाला बसण्याची लांब बैठक आहे, आणि पाठ टेकण्यासाठी बाहेरच्या बाजूस किंचित कललेले दगड आहेत. त्यास कक्षासन म्हणतात. हे दगड सुटे घडवून एकमेकांत खाचांनी बसविण्याची ही पद्धत आहे. पाठ टेकण्याचा दगड सरळ उभा नसून कललेला असावा, हे त्या पाथरवटांस कळले होते. आमच्या नव्या बाकांची पाठ मात्र काटकोनात उभी होती. त्यांवर अर्धा तास बसून उठले म्हणजे कंबर धरत असे.

अर्वाचीन काळात ह्या कल्पनेस यंत्राची जोड मिळाली. व्हिएन्नाच्या मायकेल थॉनेट ह्या कारागिराने १८५९ मध्ये वाफेने वाकविलेल्या लाकडाची एक खुर्ची तयार केली. तीत लाकडाचे अवघे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. अशा छत्तीस खुर्च्या सुट्या करून एका घनमीटरच्या पेटीत मावत, आणि पोहोचल्या ठिकाणी कोणीही त्या जोडी. पुढे १८६७ मध्ये जोसेफ मोनिए नावाच्या फ्रेंच माळ्याने झाडांच्या कुंड्यांसाठी लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटचे पेटंट घेतले. ज्या द्रव्याने आज पूल व धरणे उभी राहतात, त्याचा एक आरंभ असा बागेत झाला. तेव्हा सिमेंटचे बाक बागेत आले ह्यात नवल ते काय? आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या जागेवर किर्लोस्करवाडी वसविली. तेथे नांगराबरोबर पुढे लोखंडी सामानसुमानही तयार होऊ लागले. मंगल कार्यालयात आपण ज्यावर बसतो ती एकसंध प्लॅस्टिकची खुर्ची हे ह्या परंपरेचे अगदी निराळे टोक होय. हेन्री मॅसोने ह्या फ्रेंच गृहस्थाने १९७२ मध्ये तशी खुर्ची बाजारात आणली. तीत सांधाच नाही. त्यामुळे ती स्वस्त व हलकी आहे, परंतु पाय मोडला की सारी खुर्ची उकिरड्यावर जाते. घटकांच्या बैठकीत मोडलेला घटक तेवढा बदलतो. गरीब गावाच्या दृष्टीने हा भेद लहान नाही.

व्हिएन्नातच, जेथे पूर्वी बादशाही तबेले होते तेथे, २००१ मध्ये म्युझियम्सक्वार्टियर हा संग्रहालयांचा मोठा चौक खुला झाला. त्याच्या प्रांगणात पुढे फोमच्या मोठ्या, रंगीत बैठका ठेवल्या गेल्या. आकार एकच, परंतु त्यावर कोणी बसतो, कोणी लवंडतो, दोन समोरासमोर ठेवल्या की खोलीसारखा आडोसा होतो. थंडीत त्याच बैठका एकमेकींवर रचून मंडप उभारीत असत. आपल्या उन्हात फोम टिकणार नाही, आणि आपल्या चौकात लवंडण्याची प्रथाही नाही. घेण्यासारखी गोष्ट एवढीच की, एक साधा आकार नीट विचारपूर्वक ठरविला तर त्याचे पुष्कळ उपयोग लोक आपणच शोधून काढतात.

मांडणीची विद्या

ह्या विद्येत भूमिती किती कामास येते, हे पाहून माझ्यातला जुना मास्तर जागा झाला. एक समद्विभुज समलंब चौकोन घ्यावा, ज्याच्या मोठ्या बाजूवरचे दोन्ही कोन साठ अंशांचे आहेत. अशा आकाराचे सहा बाक लहान बाजू आत करून तिरप्या कडांशी जोडले तर षट्कोनी कडे तयार होते. मध्ये झाड, भोवती बैठक, म्हणजे पारच. तेच बाक एक उलटा, एक सुलटा असे जोडीत गेले तर सरळ रांग होते. एकाच साच्यातून पार निघतो आणि देवळापुढची लांब ओळही निघते. वाचकांनी पुठ्ठ्याचे सहा तुकडे कापून नातवंडांसमवेत हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

झाडासाठीही हे कडे हितकर आहे. बुंध्याशी सिमेंट घट्ट आवळले की पाणी व हवा मुळांपर्यंत जात नाहीत. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढण्याचा आदेश दिला होता. सुटे घटक जमिनीवर नुसते टेकलेले असतात. बुंधा रुंदावला की ते थोडे बाहेर सरकवावे. मध्ये जी फट पडेल तीत चाकांची खुर्ची उभी राहील, आणि तीवरील मनुष्य बैठकीच्या बाहेर न राहता ओळीत येईल.

बैठक विकत घेणाऱ्याने अगर देणगी देणाऱ्याने ध्यानात ठेवावयाच्या आणखी काही गोष्टी आहेत. उंची सुमारे दीड फूट असावी; ह्याहून पुष्कळ कमी असल्यास म्हातारा मनुष्य बसतो, परंतु उठू शकत नाही. निदान एका बाकास तरी दोन्ही बाजूंनी हात टेकण्याची सोय असावी, कारण उठताना सगळा भार गुडघ्यांवर न येता हातांवर घेता येतो. पाठ किंचित कललेली असावी. बैठकीस थोडा उतार किंवा पट्ट्यांत फटी असाव्यात, म्हणजे पाणी साचत नाही. लाकडाच्या मानाने पोलादातून उष्णता शेकडो पटींनी वेगाने वाहते. म्हणून आपल्या प्रदेशात उन्हातला लोखंडी बाक हा बसण्याच्या कामाचा नसतो. सिमेंटही दिवसभर तापून रात्रीपर्यंत ऊब धरते. तेव्हा पाय सिमेंटचे व बसण्याच्या पट्ट्या लाकडाच्या ठेवाव्या, किंवा वर सावली करावी. ह्या दोन्हींत सावली श्रेष्ठ.

वजनाचा विचारही करावा लागतो. सिमेंट काँक्रीटचे वजन घनमीटरास सुमारे चोवीसशे किलो असते. पाच फूट लांब, दीड फूट रुंद व तीन इंच जाड अशी फळी केली तर ती सव्वाशे किलोच्या घरात जाते. चोरास ती नेववत नाही, परंतु चार गडी तिला उचलून दुसरीकडे ठेवू शकतात. हलविता येण्यासारखी जड, हा सार्वजनिक बैठकीचा मोठा गुण समजावा.

परंतु ह्या सर्वांहून महत्त्वाचा प्रश्न तोंड कोणीकडे करून बसावयाचे हा आहे. हम्फ्री ऑस्मंड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९५७ च्या सुमारास कॅनडातील रुग्णालयांविषयी लिहिताना दाखवून दिले की, काही जागा माणसांना एकत्र आणतात, तर काही एकमेकांपासून दूर लोटतात; भिंतीलगत ओळीने मांडलेल्या खुर्च्या हा दुसरा प्रकार. विल्यम व्हाइट ह्या अमेरिकन अभ्यासकाने न्यूयॉर्कच्या चौकांचे दिवसेंदिवस चित्रण करून १९८० मध्ये एक पुस्तक लिहिले. त्याचा निष्कर्ष ऐकून हसू येईल: जेथे बसावयास जागा असते तेथे लोक बसतात! परंतु मोठमोठे चौक बांधणाऱ्यांस हेच उमगले नव्हते. त्याने आणखी एक गंमत टिपली. सुटी खुर्ची असली की मनुष्य बसण्यापूर्वी ती बोटभर तरी हलवितो, मग तिची काही गरज असो वा नसो. जागा आपण निवडली, एवढे समाधान त्यास पुरते. पुढे १९९२ मध्ये त्या शहरातील ब्रायंट पार्क हे उद्यान नव्याने खुले झाले, तेव्हा तेथे सुट्या खुर्च्याच ठेवण्यात आल्या.

मुंबईकर वाचक म्हणतील की, आमच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तर सारे एका ओळीत बसतात, तरी तेथे गप्पांना काय तोटा? खरे आहे, परंतु तो कट्टा आखूड नाही आणि त्यास पाठही नाही. बसणारा पाय वर घेऊन हवा तसा वळू शकतो. दोघे तोंडे समोरासमोर करून बसतात, तिसरा पुढ्यात उभा राहतो, आणि मंडळ तयार होते. आमच्या बाकांनी ही मोकळीक दिली नव्हती.

सावली आणि दगड

एवढी सिद्धता झाल्यावर मी एके सायंकाळी माझ्या एका निवृत्त सहकाऱ्यास हे सारे उत्साहाने ऐकविले. आम्ही एकाच शाळेत वीस वर्षे शिकविले होते. बोलता बोलता मी नेहमीप्रमाणे पाराच्या आठवणीवर आलो आणि म्हणालो, "काही झाले तरी पाराची सर कशास येणार नाही. सारे गाव तेथे बसत असे."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, तुमचे दुःख खरे आहे, पण सारे गाव म्हणू नका. आमच्या वस्तीतले कोणी त्या पारावर चढलेले तुम्ही लहानपणी पाहिले होते का? माझे वडील निरोप घेऊन येत, तेव्हा खाली जमिनीवर उकिडवे बसत. सावली खालीही पडत होती, पण दगडावर बसायचे नाही, एवढे त्यांना ठाऊक होते. मी मास्तर झाल्यावर पहिल्यांदा त्या पारावर बसलो, तेव्हाही कोणी उठून जाते की काय, हे आधी पाहिले होते."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. खाली बसलेली ती माणसे मी लहानपणी पाहिली होती. त्यांतील एक ह्यांचे वडील असतील. ती खाली का बसतात हे विचारावे, असे मला कधी सुचले नाही. आणि पुढे चाळीस वर्षे मुलांस नागरिकशास्त्र शिकविले तरीही ते चित्र मनात वर आले नाही. १९५० पासून अमलात असलेल्या आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते व सार्वजनिक वावराच्या जागा सर्वांस सारख्याच खुल्या असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. तो अनुच्छेद मी फळ्यावर लिहून देत असे. शाळेपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या पारास तो लावून पाहण्याचे मात्र राहून गेले.

घरी येऊन हे सौभाग्यवतींस सांगितले. त्या भाजी निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांनी बोलून दाखवले, म्हणून तुम्हाला कळले. अहो, लग्न होऊन आल्यापासून मी तरी त्या पारावर कधी बसले का? बायका तिथून पदर सावरून, मान खाली घालून जायच्या. आम्हाला बसायला देवळाचा कोपरा, नाहीतर विहिरीचा काठ." मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, "त्या नव्या बाकावर मी एकदा बसले होते, बाजारातून येताना. ऊन फार होते. पण बसायला मन कचरले नाही."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मी ज्या वस्तूस निर्जीव व आधुनिक म्हणून नाके मुरडली होती, तिचा एक गुण माझ्या ध्यानात आला नव्हता. त्या बाकास मागील कोणतीही वहिवाट चिकटलेली नव्हती. कोणी वर बसावे व कोणी खाली, हे त्यास कोणी शिकविलेले नव्हते. पाराजवळ सावली, उंची व आपलेपणा होता. सर्वांसाठी जागा मात्र नव्हती. बाकांजवळ ती होती, आणि बाकीचे सारे आणावयाचे राहिले होते. बैठकीची खरी रचना म्हणजे ह्या दोहोंचा मेळ, अशी माझी खात्री झाली.

पुढे काय केले

नवे घटक घेण्याइतका निधी आमच्याजवळ नव्हता. विद्यार्थ्याने सुचविल्याप्रमाणे आम्ही आहेत त्याच बाकांपासून आरंभ केला. देणगीदारांच्या घरी जाऊन अनुमती घेतली. एकाने हरकत घेतली की, वडिलांचे नाव रस्त्यावरून दिसणार नाही. त्यांस म्हटले, नाव दिसेल, पण त्याआधी त्यावर माणसे बसलेली दिसतील. त्यांनी मान्य केले. संबंधित कचेरीत अर्ज दिला. उत्तर येण्यास पावसाळा गेला, परंतु परवानगी मिळाली. मग एका रविवारी सकाळी तरुण मुलांनी बोल्ट सैल करून पट्ट्या व पाय वेगळे केले आणि रस्त्यापासून आत, दोन मोठ्या कडुनिंबांखाली ते पुन्हा जोडले. जेवणाच्या वेळेपर्यंत काम आटोपले. हाच पार असता तर?

चार बाक दोन-दोन करून काटकोनात ठेवले. दोन समोरासमोर ठेवले, पण मध्ये वाट सोडली. समोरासमोर बसले की ओळख असावी लागते. काटकोनात बसले की बोलावेसे वाटले तर बोलता येते आणि न बोलले तरी अवघडत नाही. हे कोणा पुस्तकात न वाचता आम्हांस तेथे बसूनच कळले. गावच्या लोहाराने एका बाकास लोखंडी हात बसवून दिले व त्यांवर लाकडी पट्टी ठोकली. त्या बाकावर आता दवाखान्यातून परतणाऱ्या म्हाताऱ्या बाया बसतात. दुपारी कचेरीच्या कामास आलेले लोक तेथे भाकरी सोडतात. चारच्या सुमारास शाळेच्या मुली येतात व मोठमोठ्याने हसतात. त्याचा प्रथम काहींस राग आला, आता कोणी बोलत नाही.

सगळे साधले असे नाही. एक बाक कोणीतरी फोडला. त्याची एक पट्टी बदलावी लागली. रात्री तेथे जे चालते ते सर्वच चांगले असते असेही नाही. दिवा हवा आहे. पाठ अद्याप काटकोनातच आहे. आणि सहा समलंब बाकांचे कडे अजून माझ्या वहीतच आहे. गेल्या आषाढात चौकापलीकडच्या मोकळ्या जागेत आम्ही वडाची एक फांदी रोवली आहे. ती तगली तर ते कडे तेथे होईल.

वाचकांस एक विनंती करून हा लेख संपवितो. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात दिवंगत माणसांच्या नावे गावास काही द्यावे असे येते, आणि बाक ही आपल्या ऐपतीतील देणगी असते. ती अवश्य द्यावी. मात्र देण्यापूर्वी एखाद्या दिवशी दुपारी दोन वाजता त्या जागी जाऊन उभे राहावे, सावली कोठे पडते ते पाहावे. मग घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीस तेथे नेऊन तिला बसवून व उठवून पाहावे. आणि शेवटी, गावातील कोणता मनुष्य येथे बसण्यास कचरेल, हे स्वतःस विचारावे. एवढे केल्यावर बाक सिमेंटचा घ्यावा की लाकडाचा, हे ठरविणे सोपे आहे.

माझे ते सहकारी आता रोज येतात. आम्ही काटकोनाच्या कोपऱ्यावर बसतो, ते एका बाकाच्या टोकास, मी दुसऱ्याच्या. परवा त्यांचा नातू आला आणि दोघांच्या मधल्या कोपऱ्यात शिरून बसला. त्याला तेरावा पाढा येत नव्हता. आम्ही दोघांनी मिळून त्याच्याकडून तो म्हणवून घेतला.